नसलेल्या टोपीचा रंग

थांबा की जरा! प्रदर्शनात आलात की सगळे त्या थर्माकोलच्या ज्वालामुखीकडेच धावताय. मी बोलतोय, या कोपऱ्यातलं पोस्टर. 'मानसशास्त्र आणि कायदा' हा लठ्ठ मथळा बघून लोक मला टाळतात, त्याला मी काय करू?

मूळचा मी कोरा कार्डशीट. स्टेशनरीच्या दुकानात कित्येक महिने गुंडाळी होऊन उभा होतो. एका दुपारी मला दोघांनी उचललं. एक चिमणी, तोंडाला विसावा नाही म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. दुसरा तिचा वर्गमित्र, वकील. शिकतो मानसशास्त्रच, पण वाद घालायची हौस दांडगी.

चिमणीच्या घरी त्यांनी मला फरशीवर पसरलं आणि कोपऱ्यांवर स्वयंपाकघरातले डबे ठेवले. मला चौकशा फार. काय लिहिणार, कुणाबद्दल लिहिणार, जीव नुसता उतावीळ झाला होता. त्यांचा प्रश्न असा होता: डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कितपत बरोबर सांगतो?

"यात शोधायचं काय?" चिमणी म्हणाली. "पाहिलं म्हणजे पाहिलं. शिपाईकाकांचंच बघ ना."

तेव्हा मला कळलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून एक लॅपटॉप चोरीला गेला होता. तो घेऊन जिना उतरणारा माणूस चिमणीने पाठमोरा पाहिला होता, आणि ते ग्रंथालयातले शिपाईकाका होते असं प्राचार्यांना सांगितलं होतं. बावीस वर्षं नोकरी केलेले काका तेव्हापासून घरी बसून होते. शुक्रवारी चौकशी समितीपुढे चिमणीची साक्ष झाली की कायमचेच बसणार होते.

इकडे प्रयोग ठरला. तास चालू असताना वकिलाच्या मावसभावाने लाल टोपी घालून वर्गात यायचं, मॅडमची पर्स उचलायची आणि चालू पडायचं. मॅडम कटात सामील. मग मुलांना प्रश्नपत्रिका वाटायची. ती चिमणीने आधीच छापून आणली होती.

प्रयोग झाला तेव्हा मी कोपऱ्यात गुंडाळलेला होतो. मला काही म्हणजे काही दिसलं नाही, आणि तसं मी सरळ सांगतो.

संध्याकाळी फरशीवर उत्तरं तपासायला बसले. 'त्याच्या टोपीचा रंग कोणता?' एक्केचाळीसपैकी सव्वीस जणांनी रंग लिहिला होता. कुणी लाल, कुणी निळा, एकाने तर मळकट पांढरा. चिमणी लालवाल्यांना बरोबरची खूण करत सुटली.

वकील खजील होऊन म्हणाला, "अगं, एक सांगायचं राहिलं. टोपी तो घरीच विसरला. डोकं उघडंच होतं त्याचं."

"काहीतरीच! मी पाहिली ना. लाल होती."

वकिलाने मागच्या बाकावरून घेतलेला व्हिडिओ दाखवला. उघडं डोकं, तेल लावून चापून बसवलेला भांग. चिमणीने तो तीनदा बघितला. मग पेन खाली ठेवलं. एवढा वेळ ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

"प्राचार्य सरांनी मला काय विचारलं होतं, माहितीये?" ती हळूच म्हणाली. "'तो आपला शिपाईच होता ना?' मी फक्त करडा शर्ट बघितला होता रे. पण 'हो' म्हटलं, आणि त्यानंतर मला चेहरासुद्धा आठवायला लागला."

"मग हे पोस्टरवर नको घालू. हसतील सगळे," वकील म्हणाला.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पोस्टरचं मरू दे. शुक्रवारी काय सांगणार आहेस?"

शुक्रवारी ती एकटीच गेली. मी घरीच होतो, त्यामुळे ऐकीव सांगतो: पाठ दिसली, चेहरा दिसला नाही, एवढंच ती बोलली. एक सर चिडले, म्हणाले, पोरखेळ आहे का हा? तिने तेच पुन्हा सांगितलं. सोमवारी काका कामावर आले. लॅपटॉपचा पत्ता अजून नाही.

आज सकाळी काका इथे आले होते. चष्मा पुसून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या चौकटीत चिमणीने स्वतःची आधीची साक्ष लिहिली आहे, आणि शेजारी नंतरची. चिमणी बाजूला मान खाली घालून उभी होती.

"आणि तो माणूस खरंच मी असतो तर?" काकांनी विचारलं.

चिमणीला रडू फुटलं, पण तिने उत्तर दिलं. "तरी मला एवढंच सांगता आलं असतं, काका. पाठ दिसली."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग "बरं" म्हणाले आणि ग्रंथालय उघडायला गेले.

उद्या मला उतरवतील, पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. आलाच आहात तर ती चौकट वाचून जा. सावकाश वाचा. तेवढ्या चार ओळी लिहायला तिला तीन दिवस लागलेत.