पाण्याला ढकलतं कोण

मामांनी आयुष्यभर पाणी तापवलं. कापड रंगवायच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते. दुमजली घराएवढं ते लोखंडी धूड, पोटात आग, डोक्यावर वाफ. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी भट्टीचं दार जरा जास्तच उत्साहाने उघडलं आणि भुवया गमावल्या. त्या पुन्हा कधी धड आल्याच नाहीत. पुढे त्या अखंड घरघरीने उजवा कानही गेला. पण बॉयलरवर राग म्हणून नाही. त्याच्याबद्दल बोलताना मामांचा आवाज आपोआप खाली यायचा, शेजारी वाघ झोपलाय आणि त्याला जाग येऊ नये अशा बेताने.

गल्ली त्यांना बॉयलरमामा म्हणायची. खरं तर ते एकाच मुलीचे मामा. बहीण लवकर गेली, तिच्या मुलीला त्यांनीच वाढवलं. आता ती भाचीच त्यांना सांभाळत होती. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस घरात मामा, भाची आणि तिचं काही महिन्यांचं बाळ एवढेच.

थंडी सुरू झाली आणि न्हाणीघरातल्या जुन्या गीझरने एक दिवस धूर सोडून जीव टाकला. भाचीने मनाशी काहीतरी ठरवलं आणि संध्याकाळी चहाचा कप मामांच्या हातात देता देता सांगून टाकलं.

"मामा, गच्चीवर सोलर बसवतेय."

"काय बसवतेयस?" मामांनी डावा कान पुढे केला.

"सोलर! उन्हावर पाणी तापतं."

"उन्हावर कपडे वाळतात. पाणी तापायला आग लागते."

"मग अंगणात राहिलेली बादली दुपारी कोमट कशी होते रे?"

"कोमट!" मामांनी तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. "कोमट पाण्याने कधी कापड रंगतं का?"

"मला कापड रंगवायचं नाहीये, मामा. बाळाला आंघोळ घालायचीय."

त्यांनी चहा संपवला.

बसवायला आलेली फिटर एक बाईच निघाली. धिप्पाड, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. बरोबरच्या दोन गड्यांकडून तिने टाकी, लोखंडी स्टँड आणि काचेची लांबरुंद पेटी वर चढवून घेतली. मामांचे गुडघे जिन्याला कधीचे नाही म्हणत होते, त्यामुळे ते खालीच बसून डोक्यावरची पावलं आणि हातोड्याचे ठोके ऐकत राहिले. फिटरताई खाली उतरली तेव्हा त्यांनी तिला गाठलंच.

"भट्टी कुठे असते याची?"

"भट्टी नाही, मामा. काळ्या पत्र्यावर तांब्याच्या नळ्या आहेत, वर काच. पत्रा तापला की नळ्यांतलं पाणी तापतं. तापलेलं टाकीत जातं. उद्या सकाळी नळ सोडून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने नळ सोडला. पाणी आलं ते हाताला झिणझिण्या आणणारं गार. अजून पुरतं ऊन मिळालं नसेल म्हणून तिने वाट बघितली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. ऊन तर लख्ख पडत होतं. तिने गॅसवर पातेलं ठेवलं, बाळाची आंघोळ उरकली आणि मामांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मामांनी पातेल्याकडे एकदा बघितलं आणि पेपर उघडला. टोमणा मारला असता तर तिने परतवला असता. हे जास्त झोंबलं.

दुपारी जेवण झाल्यावर मामा न्हाणीघरात हात धुवायला गेले. गार पाण्याचा नळ बंद केला आणि आधारासाठी शेजारच्या गरम पाण्याच्या नळावर तळहात टेकला. तिथेच ते थबकले.

नळ थरथरत होता. अगदी बारीक. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, चांगल्या कानालाही. पण तळहाताला कळत होतं. ठक्. मग शांतता. मग ठक्-ठक्.

मामांच्या मानेवर काटा आला. हा ठोका त्यांना झोपेतही ओळखता आला असता. नळीत वाफ कोंडली आणि तिने पाण्याला धडक मारली की असा ठोका पडतो. कारखान्यात तो ऐकला की हातातलं काम टाकून धावायचं असा शिरस्ता होता. पण वाफ म्हणजे पाणी उकळलेलं हवं. आणि वर गच्चीवर तर आगीची ठिणगीसुद्धा नव्हती.

त्यांनी भाचीला हाक मारली नाही. कठडा धरला आणि जिना चढायला लागले. मधल्या वळणावर बसून दम घेतला, पुन्हा उठले.

गच्चीवर डोळे दिपवणारा उजेड होता आणि वारा मात्र कान कापत होता. दोरीवर वाळत घातलेले बाळाचे कपडे फडफडत होते. त्यांच्या पलीकडे ती काचेची पेटी उन्हाकडे तोंड करून आडवी पसरली होती, निवांत, काहीच करत नसल्यासारखी. ना धूर, ना राख, ना आवाज. पेटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक नळी टाकीकडे जात होती. तिच्यावरचं वेष्टण पेटीपाशी आणि टाकीपाशी वीतभर उघडं होतं. मामांनी पेटीपाशी हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटं भाजली होती.

भाजली! मामा बोटांकडे बघत राहिले. मग नळीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीपाशी, हात लावला. दगडासारखी गार.

भाची बाळाला काखेत मारून धापा टाकत वर आली. "मामा! तू वर कसा आलास? गुडघ्यांचं काय?"

"ते असू दे. इथे बोट लाव. नको, लावू नकोस, भाजेल." मामांचा आवाज खाली आला होता. बॉयलरबद्दल बोलताना यायचा तसा. "पाणी तापत नाही असं नाहीये, बाळा. ते उकळतंय. नुसत्या उन्हावर, या गारठ्यात, उकळतंय. कुठेतरी अडकलंय म्हणून टाकीत पोचत नाही. बोलव तुझ्या त्या बाईला."

फिटरताई दुसऱ्या दिवशी ऊन वर येता येता हजर झाली. मामा तिच्याआधीच गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. तिने काहीही हातात घ्यायच्या आधी पिशवीतून जाड ताडपत्री काढली आणि काचेवर पसरून कडा विटांनी दाबल्या.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"तुम्ही भट्टी पेटलेली ठेवून नळी उघडली असती का?"

"छे!"

"मग झालं तर. माझी भट्टी वर आहे, ती विझवता येत नाही. झाकावी लागते."

मामांनी मान डोलावली. त्यांनी खुर्ची तिच्या जवळ सरकवली.

तिने सपाटी मोजायची पाणसळ नळीवर ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा बघून जिभेने चक् केलं. नळी पेटीकडून टाकीकडे चढत जायला हवी होती, ती उलट टाकीकडे उतरत होती. मग तिने वाकून स्टँडचे पाय एकेक करून तपासले. मागचा पाय ज्या फरशीवर होता तिथे हातोडीचा दांडा आपटला. आवाज पोकळ आला. टाकी भरल्यावर तिच्या वजनाने फरशी खचली होती, तिच्याबरोबर पाय, पायाबरोबर टाकी.

"ठोकून बघायला हवी होती मी आधी," ती सरळ म्हणाली. "टाकी त्या बाजूला बसली, नळीला मध्ये उंचवटा आला आणि त्यात हवा अडकली. पाण्याला पुढे वाटच नाही."

टाकी रिकामी करावी लागली. भाचीने घरातली यच्चयावत भांडी आणि बादल्या वर आणून भरून घेतल्या, उरलेलं पाणी गच्चीभर पसरलं आणि फरश्या चकाकायला लागल्या. फिटरताईने खचलेल्या फरशीशेजारी रुंद लोखंडी पट्ट्या आणून ठेवल्या. तिने आणि भाचीने मिळून स्टँड उचलून धरला आणि फिटरताईने बुटाच्या टोकाने एकेक पट्टी त्याच्या पायाखाली सरकवली. मामांनी मांडीवर बाळ घेऊन, पाणसळीतल्या बुडबुड्यावर डोळे लावून हुकूम सोडले.

"वर. अजून वर. हां, थांबा, थांबा! आता बरोबर."

टाकी पुन्हा भरायला लागली. तिच्या डोक्यावर हवा जायची एक बारीक नळी होती. बाळाला भाचीकडे देऊन मामांनी त्या नळीच्या तोंडावर तळहात धरला. आतून श्वास यावा तशी हवा येत होती, लांब, संथ, मग तुटक तुटक. शेवटी ती थांबली.

"निघाली सगळी," मामा म्हणाले.

फिटरताईने ताडपत्री ओढून काढली. काचेवर ऊन पडलं. ती हत्यारं आवरायला लागेल असं मामांना वाटलं होतं, पण ती येऊन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"आता?"

"आता हात ठेवा. टाकीपाशी."

मामांनी नळीवर हात ठेवला. नळी गार होती. बराच वेळ गारच राहिली. बाळ कुरकुरलं, भाचीने त्याला खांद्यावर घेतलं. खाली गल्लीत कुणाची तरी सायकल खडखडत गेली. मग मामांना वाटलं की आपलाच हात गरम होतोय. त्यांनी हात उचलला, दुसरा ठेवला. नाही. नळीच होती. आतून काहीतरी ऊबदार येत होतं, मुंगीच्या पावलांनी, पण न थांबता.

"मोटर चालू केलीस?"

"मोटर नाहीच आहे, मामा."

"मग पाण्याला ढकलतं कोण?"

"कुणी नाही. तापलं की हलकं होतं, हलकं झालं की वर निघतं. त्याची जागा घ्यायला टाकीच्या तळाचं गार पाणी खालच्या नळीने पेटीत उतरतं. तेही तापतं, तेही निघतं. ऊन आहे तोवर हे फिरत राहणार."

मामांना हे माहीत नव्हतं असं नाही. बॉयलरच्या पोटातही पाणी असंच फिरायचं, परीक्षेला त्यांनी ते पाठ केलं होतं. पण तिथे आगीचा गडगडाट असायचा, पंप धापा टाकायचे, काटे थरथरायचे, फावडी खणखणायची. त्या कल्लोळात पाणी आपलं आपण चालतंय हे कधी जाणवायला सवडच मिळाली नव्हती. इथे आवाज नव्हता. त्यांनी एक हात वरच्या नळीवर ठेवला, दुसरा वाकून खालच्या नळीवर. एका हाताखालून ऊब जात होती, दुसऱ्या हाताखालून गारवा येत होता. मध्ये काहीच हलताना दिसत नव्हतं. मामा मध्येच उभे होते.

तेवढ्यात एक ढग उन्हावर आला. गच्चीवरच्या सावल्या पुसल्या गेल्या. थोड्या वेळाने मामांच्या तळहाताखालची ऊब मंदावली. मग जागच्या जागी राहिली.

"थांबलं," ते कुजबुजले.

ढग सरकला. ऊन परत आलं. त्यांनी श्वास रोखला. आणि तळहाताखाली ते पुन्हा निघालं.

मामांनी मान वर केली. सूर्याकडे सरळ बघवत नव्हतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ते बघायचा प्रयत्न करत राहिले.

"इतक्या लांबून," ते म्हणाले. "अगं, इतक्या लांबून!"

भाचीने पुढे होऊन आपलाही हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. पहिल्यांदा तिला नुसती गरम नळी लागली. मग कळलं. तिने हात तसाच राहू दिला.

"तू तर रोज बघत असशील हे," मामा फिटरताईला म्हणाले.

"रोजच. पण चालू केलं की हात लावल्याशिवाय जात नाही," ती म्हणाली. एरवीचा तो मोठा आवाज तिने कुठेतरी ठेवून दिला होता. "गडी हसतात मला. म्हणतात, ताई नाडी बघतात."

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी भाची उठली तेव्हा खिडकीबाहेर अंधारच होता आणि काचा आतून ओल्या झाल्या होत्या. तिने न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. आधी नळीतलं शिळं गार पाणी आलं. ते सरलं आणि दिव्याच्या उजेडात वाफेचा एक पांढरा पडदा उठला. तिने हात खाली धरला, चटकन काढला आणि गार पाण्याचाही नळ सोडला.

"मामा!"

मामा शाल गुंडाळून दारात उभेच होते. भाचीने बाळाला मांडीवर घेतलं आणि तांब्याने पाठीवर धार सोडली. गॅसवरच्या पाण्याला रोज रडणारं ते पोर आज गप्प झालं. त्याने मूठ उघडून धारेत धरली, पाणी बोटांतून निसटलं, पुन्हा धरली.

"बाहेर ऊन कुठाय अजून?" भाची हसत म्हणाली. "हे कालचं ऊन आहे, मामा. रात्रभर टाकीत होतं."

मामांनी धारेखाली तळहात धरला. ते तसेच उभे राहिले, बाही भिजेपर्यंत.

त्यानंतर मामा रोज गुडघ्यांना शिव्या देत गच्चीवर जायला लागले. फडक्याने काच पुसायची, स्टँडच्या पायाशी पाणसळ धरायची आणि मग नळीवर हात ठेवून उभं राहायचं. गल्लीतल्या लोकांना ते हाताला धरून वर न्यायचे. काहीजण "हो, गरम आहे की" म्हणून उतरायचे. काहीजण रेंगाळायचे.

एका सकाळी त्यांनी आपल्या जुन्या जोडीदाराला बोलावलं. भट्टीत कोळसा टाकायचं काम त्याने मामांशेजारी जन्मभर केलं होतं आणि आता त्याची पाठ फावड्याच्या दांड्यासारखी वाकली होती. दोघं एकमेकांना धरून जिना चढले तेव्हा ऊन अजून समोरच्या घरांमागेच होतं.

"इथे हात ठेव," मामा म्हणाले.

"गार आहे."

"ठेव तर."

त्याने ठेवला. त्याचा तळहात इतका राठ होता की त्याला कळेल की नाही अशी मामांना शंका आली. समोरच्या छपरांची कड उजळली. मग काचेचा वरचा कोपरा, मग अर्धी काच, मग सगळी. दोघं म्हातारे नळीवर हात ठेवून उभे होते.

बऱ्याच वेळाने जोडीदाराने मान वळवून मामांकडे बघितलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं.

"चाललंय रे," तो म्हणाला.

"चाललंय," मामा म्हणाले, आणि त्याला वारा लागू नये म्हणून थोडे त्याच्या बाजूला सरकून उभे राहिले.