तेवीस हात आणि एक पंजा

त्या घरात शहाणपण इतकं होतं की घरच्यांना पुरून उरायचं, आणि उरलेलं गावभर वाटलं जायचं. वाटायचं काम थोरल्या लेकीचं. ती आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि फोनवर व्हिडिओ करून रोज एक युक्ती सांगायची. लिंबाच्या सालीने नळ कसा चमकवावा, जुन्या मोज्यांचं पायपुसणं कसं करावं, फ्रिजचा वास कसा घालवावा. चाळीस हजार बायका तिला युक्तीताई म्हणत. तिच्या स्वतःच्या घरातले नळ कामवाली घासायची, साबणाने.

युक्तीताईची भावजय खऱ्याखुऱ्या लाँड्रीत कामाला होती, डागांच्या काउंटरवर. तिथे तिला सगळे डागबाई म्हणत आणि त्या नावात मान होता. कापड नाकाशी धरून डाग कशाचा, किती दिवसांचा आणि गिऱ्हाईक किती खोटं बोलतंय, हे ती सांगायची. सासरी मात्र ती नुसती 'लाँड्रीत असते' एवढीच होती. पाहुणे आले की तेवढंही जड व्हायचं. मग सासूबाई सांगायच्या, "कपड्यांच्या धंद्यात आहे."

या घराचा एक रिवाज होता आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता. वर्षअखेरच्या सुट्टीला सगळं खानदान दुपारी जेवायला जमायचं आणि त्या दिवशी लांब टेबलावर एक पांढरं, जाड कापड अंथरलं जायचं. घरातल्या माणसाने त्यावर हात ठेवायचा, सासूबाईंनी पेन्सिलीने कडेने रेघ मारायची आणि मग ती रेघ रंगीत धाग्याने भरायची. असे तेवीस हात झाले होते. मुलं, नातवंडं, जावई, चुलत दीर, इतकंच काय, एका हिवाळ्यात महिनाभर राहून गेलेला भाडेकरूसुद्धा. शिवाय तपकिरी धाग्यात युक्तीताईच्या कुत्र्याचा पंजा. कुत्रा मरून दोन वर्षं झाली होती, पण कापडावर त्याची जागा पक्की होती.

डागबाईचा हात त्यावर नव्हता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "नवी आहेस, जरा मुरू दे." दुसऱ्या वर्षी धागा संपला. मग तीन वर्षं "मूल झालं की दोघांचे हात एकदमच घेऊ" असं चाललं. मूल झालं नाही, तेव्हा तो विषय काढायची सगळ्यांना लाज वाटू लागली, आणि लाज वाटली की माणसं गप्प बसतात आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतात. पुढे सासूबाईंचा खांदा दुखायला लागला. कुत्र्याच्या वेळी दुखला नव्हता.

सुट्टी संपली की कापड घडी घालून तिच्याच हातात पडायचं. "तुमच्याकडे कसं, नीट धुतात!" ती ते लाँड्रीत नेतच नसे. घरी टब भरून गार पाण्यात स्वतः धुवायची, कारण त्यातल्या लाल धाग्याचा रंग कच्चा होता. लाल हात सासऱ्यांचा. ते चार वर्षांपूर्वी गेले. ती उभ्याने सगळ्यांना वाढत असताना "अगं, तूही बस की" असं म्हणणारा त्या घरातला तेवढा एकच माणूस. बाकीचे बावीस हात ती कर्तव्य म्हणून धुवायची.

यंदा आठवडाभर आधी सासूबाईंचा फोन आला. "या खेपेला तुझा हात घेऊ बरं का. निळा धागा आणून ठेवलाय."

तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला. पस्तिशी उलटलेली बाई, स्वतःच्या कमाईवर जगणारी, आणि एका टेबलावरच्या कापडासाठी जीव टाकते! आपल्याला याचं काय एवढं, असं तिने स्वतःला चारदा विचारलं आणि चारही वेळा उत्तर आलं की आहे, एवढं आहे. लाँड्रीतल्या रसायनांनी खरखरीत झालेल्या हाताला ती रोज झोपताना मलम चोळू लागली. नवऱ्याने विचारलं, "कुठे लागलं का?" त्याला कळणं शक्यच नव्हतं. त्याच्या पाठीचा कणा शर्ट टांगण्यापुरता होता.

सुट्टीच्या दिवशी सतरा माणसं जेवायला बसली. डागबाई नेहमीप्रमाणे वाढत होती. जेवणं झाली की हात घ्यायचा, असं ठरलं होतं. निळ्या धाग्याचं रीळ सासूबाईंच्या चष्म्याशेजारी ठेवलेलं तिने येता-जाता तीनदा बघितलं. युक्तीताई चमच्यांच्या चकाकीवर व्याख्यान देत होती आणि सगळे माना डोलावत होते, कारण मान डोलावली नाही तर ती पहिल्यापासून सांगायची.

तेवढ्यात डागबाईच्या नवऱ्याने दुसऱ्यांदा भात घेण्यासाठी हात लांब केला आणि काळ्या द्राक्षांच्या रसाचा भरलेला पेला आडवा पाडला. रस थेट कापडाच्या मध्यावर, सासऱ्यांच्या हाताशेजारी पसरला.

"कुणी काही करू नका!" डागबाई पातेलं ठेवून धावली. "नुसतं टिपून घ्या आणि गार पाणी द्या मला. पाच मिनिटांचं काम आहे."

"थांब गं," युक्तीताई उठली. "तुमच्या लाँड्रीत मशिनी असतात, तिथलं तिथे. घरच्या डागाला घरचाच उपाय लागतो. आई, खाण्याचा सोडा कुठाय? आणि व्हिनेगर. आणि पाणी उकळायला ठेवा."

"ताई, उकळतं नको. तो लाल धागा कच्चा आहे."

"चाळीस हजार बायका करतात हे!"

डागबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ताटाकडे पाहिलं. "करू दे ना ताईला," तो म्हणाला. "तिला त्यातलं कळतं."

ताटं उचलली गेली, फोन उभा केला गेला. युक्तीताईने सोडा ओतला आणि जांभळा डाग झटक्यात निळाकाळा झाला. "हे बघा, डाग सुटतोय," ती फोनला म्हणाली. मग तिने व्हिनेगर ओतलं. भसाभसा फेस आला आणि मोठी माणसं लहान पोरांसारखी टाळ्या वाजवू लागली. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी उरतं ते खारट पाणी, हे लाँड्रीत कुणीही पहिल्या आठवड्यात शिकतं. पण फेस दिसला ना? मग काम झालंच असणार. या घराला आयुष्यभर फेसच पुरला होता.

मग तिने किटलीभर उकळतं पाणी ओतलं.

सासऱ्यांचा हात आधी ओघळला. लाल रंग बोटांतून सुटला, शेजारच्या दिरात शिरला, तिथून नातवंडांत, आणि बघता बघता कापडाचा मधला सगळा भाग गुलाबी झाला. कुत्र्याचा पंजाही वाचला नाही. कुणीतरी फोन बंद केला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण युक्तीताई कसली हार मानते! "आई, धागा भेसळीचा होता," ती म्हणाली, आणि मग तिला खरा गुन्हेगार सापडला. "आणि अगं, तू तर रोज हेच काम करतेस. माहीत होतं तर मला थांबवलं का नाहीस?"

सतरा तोंडं डागबाईकडे वळली. त्यातल्या एकालाही पाच मिनिटांपूर्वीचं काही आठवत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो म्हणाला, "खरंच, जरा जोर देऊन सांगायचं ना."

तिला राग येईल असं तिला वाटलं होतं. राग आला नाही. नुसती किळस आली, बटाटा कापल्यावर आत काळा निघावा तशी. या माणसांत आपली जागा व्हावी म्हणून आपण हाताला मलम चोळत होतो?

सासूबाईंनी डोळे पुसले आणि रीळ उचलून तिच्यापुढे धरलं. "तू काढ गं हे. तुला येतं. हे काढलंस तर आत्ताच्या आत्ता तुझा हात घेते."

काढलंस तर. आठवडाभर जे देणं होतं, ते आता धुलाईची मजुरी झालं होतं.

तिला येत होतं. कापड अजून ओलं होतं. ओलं आहे तोवर गार पाण्यात बुडवायचं, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं, संध्याकाळपर्यंत कापड पांढरं. पण असा सुटलेला रंग एकदा वाळला की कायमचा बसतो, मग डागबाई काय, तिचा गुरू आला तरी हलत नाही. हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. सासऱ्यांच्या हाताची उरलेली फिकट रेघ तिने पाहिली. त्यांचं तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण त्यांनाही तिने कधी या माणसांशी भांडताना पाहिलं नव्हतं.

"आई, असं करा," ती म्हणाली. "पिळू नका. गच्चीवर न्या आणि कडक उन्हात पसरून वाळत घाला."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा शब्द त्या घरात खाली पडला नाही. नवरा आणि चुलत दीर कापडाची चार टोकं धरून जिन्याकडे निघाले. सासूबाई मागून "जपून, जपून" म्हणत होत्या. "उन्हाने रंग उडतो, मला माहीतच होतं," म्हणत युक्तीताईने फोन पुन्हा सुरू केला आणि पायऱ्या चढता चढता बोलू लागली, "मैत्रिणींनो, आता आमच्या घरची एक खास युक्ती..."

"किती वेळ लागेल गं?" सासूबाईंनी जिन्यातून विचारलं.

"ऊन चांगलं आहे. तासाभरात काम होईल."

बाकीचेही गंमत बघायला वर गेले आणि खोली रिकामी झाली. डागबाईने स्वतःचं ताट वाढून घेतलं, टेबलाच्या डोक्याशी असलेली सासूबाईंची खुर्ची ओढली आणि सावकाश, पोटभर जेवली.