थिर्झाच्या हातातला तवा

मी लोखंडी तवा बोलतोय. लांब दांड्याचा, जाड बुडाचा, नेदरकोट गावचा. तुम्हाला वाटेल, तवा सांगून सांगून काय सांगणार, खमंग वासाच्या चार गोष्टी! तशाही आहेत माझ्याकडे, नाही असं नाही. पण आज मी तोंड उघडलंय ते त्या सांगायला नाही.

माझा जन्म एमस पिनकच्या भट्टीत झाला. एमस गावचा लोहार. माणूस अबोल, दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप. त्याने मला लाल होईस्तोवर तापवलं, ऐरणीवर ठेवलं आणि मनसोक्त बदडलं. मार खाऊन घडलेली वस्तू टिकते, असं त्याचं ठाम मत होतं. लोखंडापुरतं ते खरं आहे.

त्याने मला घडवलं ते एकुलत्या एका मुलीच्या लग्नासाठी. थिर्झा तिचं नाव. आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापाने तवा, चिमटा, पळी असं सगळं लोखंडाचं माहेर तिच्याबरोबर पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, रस्ता ओलांडून दिलं. तिचं सासर लोहारशाळेच्या अगदी समोर होतं, मधे वीस पावलं. एमसला केवढं समाधान वाटलं होतं, लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून.

नवरा जेबेझ क्रम्प. घरांची छपरं गवताने शाकारायचं त्याचं काम. नेदरकोटमध्ये एकही घर असं नव्हतं, ज्याच्या डोक्यावर जेबेझच्या हातचं गवत नाही. चर्चच्या आवारातली पाद्र्याची कोठीसुद्धा त्यानेच शाकारलेली. सुगी झाली की गव्हाच्या गंज्यांवर पावसाआधी टोपी चढवायला तोच लागायचा. गुत्त्यात तो आला की लोक बाक रिकामं करून द्यायचे. गाणं छान म्हणायचा, नकला करायचा, आणि घरी आला की दाराची कडी लावायचा.

लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात चूल विझली एवढ्यावरून त्याने माझा दांडा उलटा धरला आणि तिच्या पाठीत घातला. जिने मला वाळूने घासून, चरबी लावून काळाभोर चकचकीत ठेवलं, तिच्याच पाठीवर मी पडलो. आम्हा वस्तूंना नाही म्हणायची सोय नसते. त्यानंतर कधी मी, कधी त्याचा पट्टा, कधी छपराला टोचायच्या हेझल झाडाच्या काठ्या. एकदा तिची बरगडी मोडली. एकदा पोटातलं मूल गेलं. पाद्र्याने घरी येऊन तिला सहनशीलतेवर अर्धा तास सांगितलं आणि जाताना जेबेझला कोठीच्या गळक्या कोपऱ्याची आठवण करून दिली.

शेजारी टॅपकाकू राहायची, विधवा बाई. दोन घरांमधली भिंत मातीची, टाचणी पडली तरी पलीकडे ऐकू जावं अशी. इकडे मार सुरू झाला की तिकडे काकू भजन सुरू करायची. जेबेझ जितका तापायचा, तितका तिचा सूर चढायचा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर थिर्झाचा काळानिळा गाल बघून म्हणायची, “अगं बाई, पुन्हा दार लागलं का?”

आमच्या गावात एक रीत होती. कुणी बायकोला हद्दीबाहेर मारलं, की गावकरी पहाटे त्याच्या उंबऱ्यावर मूठभर भुसा टाकून जायचे. या घरात मळणी चालते, हे आम्हाला कळलंय, एवढाच त्याचा अर्थ. कुणी कुणाला बोलायचं नाही, पण तो भुसा बघितला की भलेभले पुरुष मान खाली घालायचे. चांभाराच्या दारात पडला होता, गुराख्याच्या पडला होता, आणि दोघेही त्यानंतर सुधारले होते.

थिर्झा रोज सकाळी दार उघडायची आणि आधी उंबरा बघायची. सात वर्षं बघत होती ती. भुसा काही पडला नाही. पाऊस तोंडावर आलेला असताना छपरवाल्याला कोण दुखावणार?

मग सुगीतला तो शनिवार आला. दुपारची वेळ, मी चुलीवर चांगला तापलेलो, माझ्यात खारवलेल्या डुकराचे काप चरचरत होते. जेबेझ सकाळपासून प्यायलेला. एक काप करपला. त्याने तिला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. तिचं उजवं मनगट पकडलं आणि तळहात माझ्यावर दाबला.

मी तापलेलो होतो हो. गार कसं व्हायचं ते मला माहीत नव्हतं.

तिने किंकाळीही फोडली नाही, घशातून फक्त फाटल्यासारखा आवाज आला. पलीकडे भजन सुरू झालं. आणि मग थिर्झाने डाव्या हाताने माझा दांडा धरला, मला उचललं आणि सात वर्षांत पहिल्यांदा हात उगारला. माझी कड जेबेझच्या कपाळावर बसली. तो कोसळला, कपाळाचं रक्त त्याच्या डोळ्यांत गेलं, आणि तो रांगत दारातून बाहेर पडला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

गुत्त्यात जाऊन त्याने सांगितलं की शिडीवरून घसरलो. पण माझी कड गोल, तिची खूण चंद्रकोरीसारखी कपाळावर उमटलेली. सगळ्यांच्या घरी तवे होते. कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि हसता हसता कुणाच्या तरी डोक्यात आलं की बायकोने नवऱ्याला मारणं म्हणजे गावाचीच अब्रू गेली. ती काही अशी सोडून द्यायची नसते.

उन्हं कलायच्या आत गाव जमलं. भांडी, पळ्या, गाईच्या गळ्यातल्या घंटा, शिंगं, फुटकी घमेली, मिळेल ते बडवत माणसं आमच्या गल्लीत शिरली. हेही आमच्याकडे जुनंच. एखाद्याला गावासमोर उघडं पाडायचं असलं, की असा गलबला त्याच्या दारात नेतात.

थिर्झा तळहात पाण्यात बुडवून बसली होती. आवाज ऐकून ती उठली. तिचा चेहरा मी बघितला, म्हणून सांगतो. ती खुलली होती. तिला वाटलं, ते जेबेझसाठी आलेत. भुसा नाही तर नाही, अख्खं गाव आलं! तिने धुतलेलं एप्रन बांधलं, दातांनी ओढून हाताला चिंधी गुंडाळली, आणि पुरावा म्हणून मला डाव्या हातात घेऊन दार उघडलं.

समोर गाढव होतं. गाढवावर गिरणीवरचा सायलस, तिच्याच दोरीवरून ओढलेला तिचा घागरा नेसून बसलेला, आणि त्याच्यापुढे उलट्या तोंडाने बसवलेला गवताचा नवरा. सायलस पळीने त्या गवताच्या टाळक्यात मारत होता आणि लोक पोट धरून हसत होते.

“काय गं थिर्झा,” सायलस ओरडला, “आज काय तळलंस? नवऱ्याचं टाळकं?”

टॅपकाकू पुढच्याच रांगेत होती. हातात पातेलं.

थिर्झाने चिंधी सोडली आणि तळहात वर धरला. कातडी सुटून लोंबत होती. “हे बघा,” ती म्हणाली. पुढच्या चारसहा जणांनी बघितलं. त्यांचे हात मंदावले, एकीने तोंड फिरवलं. पण मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते बडवतच राहिले, आणि त्या गोंगाटात तिचा दुसरा शब्द कुणालाच ऐकू गेला नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागून जेबेझ आला, डोक्याला फडकं बांधून. हसू तर त्याचंही होत होतं. ते दुसऱ्यावर ढकलायला त्याने काय केलं माहीत आहे? स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन आला. “तळ्यात बुडवा हिला,” तो म्हणाला, “ही घ्या शिडी.” लोकांनी जल्लोष केला. छपरवाला पुन्हा त्यांचा झाला होता.

तिला शिडीवर पालथी टाकून बांधलं. तिने सायलसच्या कानाचा लचका तोडला, त्याने तिच्या पोटात लाथ घातली. मला मात्र तिने सोडलं नाही, बोटं उलगडायचा प्रयत्न दोघांनी केला. तळ्यावर नेऊन त्यांनी शिडी पाण्यात दाबली. मी हिरव्या शेवाळात, ती माझ्याशेजारी, तिच्या तोंडातून बुडबुडे. वर काढली तेव्हा ती ओकली. पुन्हा दाबली. या वेळी जास्त वेळ. बुडबुडे थांबले तेव्हा कुठे वर ओढली.

“अजून एकदा,” जेबेझ म्हणाला. “दोनदा बुडवून काय होतंय हिला?”

तेव्हा एमस आला. चामड्याचं एप्रन, हातात मोठा घण. तो कुणाशी बोलला नाही, सरळ पाण्यात शिरला. शिडी धरणारे बाजूला झाले. जेबेझने त्याच्या गळ्याला हात घातला, तर एमसने घणाचा दांडा त्याच्या तोंडावर आपटला. दोन दात आणि बरंच रक्त पाण्यात पडलं. मग त्याने शिडीचा एकेक दांडा फोडला, दोऱ्या तोडल्या आणि लेकीला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. भांडी गप्प झाली होती.

एमस लेकीकडे वळला. “मला ऐकू यायचं, पोरी,” तो म्हणाला. गावासमोर म्हणाला. “दर वेळी. ऐकवायचं नाही, म्हणून मी ऐरणीवर घण जोरात घालायचो.”

थिर्झा खोकली, तोंडातलं शेवाळ पुसलं.

“ठाऊक आहे बाबा,” ती म्हणाली. “तुमचा घण जोरात वाजायला लागला, की मला कळायचं, बाबांना ऐकू जातंय.”

एवढं बोलून तिने माझ्यावरची बोटं एकेक करून सोडली. मी बुडालो. तळातून मला तिचे पाय तेवढे दिसले, काठाकडे गेलेले. एमसचे पाय मात्र तिथेच उभे होते, गार पाण्यात, कितीतरी वेळ. ती त्याच संध्याकाळी गावातून गेली आणि परत आली नाही, हे मला काठावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. त्या हळू आवाजात बोलतात.

मी अजून चिखलात आहे. गंजून माझं बूड पातळ झालंय. उन्हाळ्यात तळं आटलं की माझी कड वर येते, आणि एखादी भली बाई म्हणते, चांगलं लोखंड दिसतंय, घासलं तर निघेल. तिला माझं एकच सांगणं आहे. बाई, मला काढू नका. मी कुणाच्या हातात जाईन हे मला ठरवता येत नाही.