नानांच्या ब्रशाची माशी

हमरापुरात दत्तात्रेय नानांच्या कारखान्यात आखणी सुरू झाली की पंखा बंद, मोबाइल बंद आणि तोंडंही बंद. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं, आणि त्याला नानांखेरीज कुणी हात लावायचा नाही. अंगाचा रंग, दागिने, पितांबर सगळं सून करायची. डोळ्यांपाशी आलं की रंगाची वाटी धरून मागे उभी राहायची. रोह्याचं मंडळ तर दरवर्षी एकाच अटीवर मोठी मूर्ती न्यायचं: आखणी नानांची. ही अट नाना आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि ऐकणारा घाईत असला तर चहा पाजून ऐकवायचे.

यंदा सगळ्या मूर्ती उरकल्या आणि नेमके त्या मोठ्या मूर्तीचे डोळे राहिले. मंडळ परवा न्यायला येणार होतं. नाना रोज म्हणायचे, "हवा दमट हाय, रंग सुकायचा नाय." श्रावणात हमरापुरात हवा कोरडी कधी असते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. खरी गोष्ट अशी की नानांचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

म्हणूनच सून नूतन सकाळी रोह्याजवळच्या माहेरी निघाली तशी नानांनी टोपी चढवली आणि ते तिच्या स्कूटरवर मागे बसले. "व्याह्यांची तब्येत बघून येतो," म्हणाले. व्याही ठणठणीत होते. चहा होताच ते शेतावर निघून गेले, आणि नाना पडले एकटे. मग नूतन गावामागच्या ओढ्याकडे निघाली, तर नाना तिच्या मागोमाग.

तिच्या हातात तिच्या भावाची, ऋत्विकची काठी होती. त्यानं ती ऑनलाइन मागवली होती. मासे धरायच्या या काठीला तो फ्लाय रॉड म्हणायचा. अगरबत्तीपेक्षा जरा जाड, एवढंच. दोरीच्या टोकाला तिळाएवढा गळ, त्यावर केस गुंडाळून केलेली खोटी माशी.

"श्रावणात मासं?" नाना थबकले.

"खायचं नाय, नाना. पकडायचं नि सोडायचं."

"मग पकडायचं कशाला? आमी पेणच्या खाडीत हाताएवढं जिताडं वढलंत. ह्या काडीनं काय दात कोरायचं?"

नूतन हसली. तिनं काठी मागेपुढे झुलवली, दोरी हवेत उलगडली आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. बोटाएवढी चंदेरी मासोळी वर आली, हुंगून परत गेली. नानांना राहवेना. "आण इकडं," म्हणत त्यांनी काठी घेतली. माशी कशीबशी पाण्यात पडली, मासोळीनं धरली, आणि नानांनी जिताडा असल्यागत हिसका दिला. मासोळी त्यांच्या टोपीवरून उडून मागच्या करवंदीत जाऊन पडली. नूतननं धावत जाऊन ती ओंजळीतून पाण्यात सोडली. शेपटी हलवून मासोळी गेली, तेव्हा कुठे नानांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांचं लक्ष दोरीच्या टोकाकडे गेलं. माशी त्यांनी चिमटीत धरली आणि डोळ्यांजवळ नेली. तांबूस केस, टोकाला काळे. नानांनी ते हजारांत ओळखले असते.

"नूतन! हे माज्या आखणीच्या ब्रशाचं केस!"

"चारदोनच घेतलेत," ती खाली मान घालून म्हणाली. "ब्रश आठ दीस वलाच झाला नव्हता, नाना."

म्हणजे हाताचं हिला ठाऊक होतं. नानांना आधी राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. ते काही बोलणार इतक्यात तिनं काठी घेतली आणि म्हणाली, "शूऽ. गप ऱ्हावा." अगदी त्यांच्याच सुरात, आखणीच्या वेळच्या. जन्मात नानांना कुणी असं गप केलं नव्हतं. ते गप झाले.

माशी पाण्यावर टेकली. मासोळी वर आली. नूतननं हिसका दिला नाही. मनगट जरासं वळवून तिनं काठी नुसती उचलली, हलके हलके, आणि मासोळी चमकत वर आली.

नाना बघतच राहिले. ही उचल त्यांची होती. डोळ्याची रेघ कोपऱ्याशी आली की ब्रशावरचा भार असाच कमी करत न्यायचा, रेघ बारीक होत होत संपली पाहिजे. त्यांनी ती कुणाला शिकवली नव्हती.

"कवा शिकलीस गो?"

"वाटी धरून हुबी नव्हते का मागं?"

नानांनी टोपी सारखी केली. "चल घरी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंखा बंद झाला, तोंडं बंद झाली. नानांनी ब्रश नूतनच्या हातात दिला आणि वाटी स्वतः धरली. वाटी थरथरत होती. रेघ थरथरली नाही.

ठरल्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष विशाल टेम्पो घेऊन आला. मूर्तीसमोर उभा राहिला आणि त्यानं आपसूक हात जोडले. "नाना, काय हात हाय तुमचा! बघत ऱ्हावंसं वाटतं."

नूतन मागे उभी होती. ती एक शब्द बोलली नसती. नाना नुसते हसले असते तरी भागलं असतं. वर्षभर सगळ्या रोह्यात त्यांचंच नाव झालं असतं.

"आखणी माजी नाय," नाना म्हणाले. "तुमची अट मोडली. मूर्ती न्यायची नसंल तर हितंच ठेवा. पन हात माज्या सुनंचा हाय, नूतनचा. पुढल्या साली अट घालाल तर तिच्या नावानं घाला."

विशालनं पुन्हा एकदा मूर्तीच्या डोळ्यांत पाहिलं. मग पोरांकडे वळून म्हणाला, "उचला. सांभाळून."

त्याला फार घाई होती. नानांनी त्याला हाताला धरून बसवलं, चहा मागवला आणि टोपीवरून उडालेल्या मासोळीपासून सगळं ऐकवलं.