पावडरीआधीचा फोटो

फोटोकाकांनी काढलेल्या फोटोत आजवर एकाही पोराचं नाक वाहिलेलं नव्हतं. शाळेतली पोरं प्रत्यक्षात कशी असतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण काकांच्या फोटोत ती सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत दिसत. त्यामागे काकांची एक ठरलेली रीत होती. पोर स्टुलावर बसलं की आधी एक कच्चा फोटो, नुसता उजेड पाहायला. मग ओल्या रुमालाने नाक-तोंड पुसायचं, पावडरीच्या डब्यातला पफ गालांवर, नाकावर, हनुवटीवर फिरवायचा, आणि मग खरा फोटो. त्यातूनही काही उरलंसुरलं तर काका ते संगणकावर पुसून टाकत. कच्चे फोटो कुणाला दाखवायचे नसत. खऱ्या फोटोंची पाकिटं शाळेत वाटून झाली की काका ते खोडून टाकत. डबा त्यांच्या वडिलांचा, रीतही वडिलांचीच, आणि तिच्यात काही वावगं असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसरीच्या वर्गात काकांची नात होती, छकुली. तिचे आई-वडील कामासाठी परगावी असत, त्यामुळे ती आजोबांकडेच राही. आबा म्हणजे तिचा स्वयंपाकी, मास्तर आणि वेण्या घालणारा माणूस, सगळं एकच. वेण्या वाकड्या होत, पण त्याबद्दल दोघांनी कधी तक्रार केली नाही. फोटोच्या दिवशी तिच्या नाकाखाली दोन-तीन बारीक फोड फुटून पिवळट खपली धरली होती. सर्दीने नाक सोललं असेल, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. घरची पोर म्हणून रांगेत पहिला नंबर तिचा लावला आणि पफ तिच्या नाकाखाली जरा जास्तच दाबून फिरवला. फोटो फक्कड आला.

तिच्या मागोमाग स्टुलावर बसली चिंगी. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची ही मुलगी, त्याच वर्षी शाळेत आलेली. मग बाकीची पोरं एकामागून एक. दहाव्या नंबरचा पोरगा पावडरीच्या डब्यातच असा सणसणीत शिंकला की सगळा ढग काकांच्या चष्म्यावर बसला. पोरं खो खो हसली. काकांनी डबा धुतला, नवा पफ आणि नवा रुमाल काढला आणि पुढची वीस-बावीस पोरं उरकली.

दोन आठवड्यांनी काका पाकिटं घेऊन शाळेत गेले, तर मोठ्या बाईंच्या खोलीत वातावरण तापलेलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. दुसरीतल्या सात पोरांच्या तोंडावर फोड उठले होते आणि पालक शाळेचं डोकं खात होते. आरोग्यकेंद्रातली सिस्टर समोर बसली होती. तिने सातही पोरं तपासली होती आणि तिचं म्हणणं सरळ होतं. याला इम्पेटिगो म्हणतात, कातडीवरच्या जंतूंचा आजार. आधी बारीक फोड, ते फुटले की पाझरतात, आणि वर मध वाळल्यासारखी पिवळी खपली धरते. ही खपली दिसली की ओळखायचं. नखाने खाजवलं की आपल्याच अंगावर दुसरीकडे जातं, आणि एकाचा टॉवेल दुसऱ्याने घेतला की दुसऱ्याकडे जातं. वेळेत औषध केलं तर घाबरण्यासारखं काही नाही. औषध सुरू होऊन दोन दिवस झाले आणि खपल्या सुकल्या की पोर खुशाल वर्गात बसू दे.

मोठ्या बाईंनी हे सगळं ऐकलं, पण त्यांचा निकाल आधीच लागला होता. चिंगी नवीन, चिंगीचे फोड सगळ्यांत जास्त, आणि तिची आई दिवसभर परक्यांचे कपडे हाताळणार. तेव्हा आजार तिथूनच आला असणार. उद्या सकाळी तिच्या आईला बोलावून सांगायचं, की मुलीला या वर्षापुरतं घरीच ठेवा. खापर फोडायला डोकं हवंच असतं आणि ते शक्यतो गरिबाचं असलेलं सोयीचं पडतं.

सिस्टरचा चेहरा उतरला. हा आजार स्वच्छ पोरालाही होतो, ती म्हणाली, कातडी कुठे सोललेली असली की पुरे. उद्या दुपारी ती सगळा वर्ग तपासणार होती, पण सुरुवात कुणापासून झाली हे तोवर कसं कळावं? तिची नजर पाकिटांकडे गेली. तिने सात नावं सांगितली, काकांनी सात पाकिटं काढून दिली, आणि तिने एकेक फोटो उजेडात धरून पाहिला.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या फोटोत पोरं आजारी पडूच शकत नाहीत."

काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. ज्या क्रमाने फोटो काढला तो आकडा ते प्रत्येक पाकिटामागे घालत. टेबलावर दोन, तीन, चार, सहा, सात, नऊ आणि दहा पडले होते. दहाच्या पुढचं एकही पाकीट नव्हतं. काकांना शिंक आठवली, नवा पफ आठवला, आणि मग एक नंबरला कोण बसलं होतं ते आठवलं. सिस्टरने काही विचारलं, त्यावर त्यांनी मान हलवली, पण काय विचारलं ते त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

परतताना वाटेत लॉन्ड्री लागली. चिंगी इस्त्रीच्या टेबलाखाली कपड्यांच्या गाठोड्याला टेकून चित्र रंगवत होती. तोंडावर मलम, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. तिच्या आईने काकांना पाहून इस्त्री उभी केली. शाळेतून काही निरोप आहे का, असं तिने विचारलं. मग न विचारताच सांगू लागली. सिस्टरने सांगण्याआधी आठवडाभर तिने पोरीला दोन वेळा खसाखसा घासून अंघोळ घातली होती, त्याने उलट वाढलंच. आता सांगितल्याप्रमाणे करते आहे.

"सगळे म्हणतात घरात स्वच्छता नसेल," ती खाली बघत म्हणाली. "मी तर रात्रंदिवस कपडेच स्वच्छ करते, काका. माझंच कुठे चुकतंय, काही कळत नाही."

सांगायचं होतं ते इथेच सांगता आलं असतं. काका म्हणाले, होईल बरं, आणि काढता पाय घेतला. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

स्टुडिओत येऊन त्यांनी दुसरीचे कच्चे फोटो उघडले. एक नंबरला छकुली, वाकड्या वेण्या आणि नाकाखाली ती खपली, मधाच्या रंगाची, सिस्टरने सांगितली तश्शी. दोन नंबरला चिंगी. पावडर नाही, काही नाही, ओले केस चापूनचोपून बसवलेले, आणि चेहऱ्यावर साधा ओरखडाही नाही. काका कितीतरी वेळ दोघींकडे बघत राहिले. पाकिटं तर शाळेत पोचली होती. आता रीतीप्रमाणे कच्चे फोटो खोडायचे. एक बटण दाबलं की जगात कुणालाही काही कळणार नव्हतं. छकुलीची खपली गळून फिकट गुलाबी डाग तेवढा उरला होता, आणि त्या डागावर ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने पावडर लावून तिला शाळेत पाठवत होते. बोललं तर शाळेचं काम जाणार, ते गेलं असतं तरी चाललं असतं. पण उद्यापासून पोरं छकुलीकडे बोट दाखवतील, हे मात्र त्यांना सोसणार नव्हतं.

तेवढ्यात छकुली शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि बाही सरकवून कोपर खाजवू लागली.

"आबा, चिंगीची जागा रिकामीच आहे," ती म्हणाली. "बाई म्हणतात, तिच्या वस्तूंना हात लावू नका. मी तिचा खोडरबर आणलाय. तिला देऊ का नको?"

काकांनी तिचं कोपर हातात घेतलं. तिथे दोन नवे फोड होते, एक फुटून ओला झालेला. बटणावरचं बोट त्यांनी काढून घेतलं. त्याच संध्याकाळी ते तिला घेऊन आरोग्यकेंद्रात गेले आणि सिस्टरला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिंकसुद्धा गाळली नाही.

सिस्टर रागावली नाही, ते काकांना जास्त लागलं. पफने आणि रुमालानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, ती म्हणाली, पोरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर असतात. पण दोन ते दहा हे बघता दुसरं काही तिलाही सुचत नव्हतं. मग तिने काकांना समोर बसवून हाताने करून दाखवलं. आधी आपले हात साबणाने धुवायचे. कोमट पाण्यात कापड भिजवून खपलीवर ठेवायचं, मऊ झाली की अलगद टिपून काढायची, ओढायची नाही. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, जितके दिवस सांगितलं तितके दिवस, बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. चिंगीसारखे खूप फोड असले तर पोटातूनही औषध, तेही पूर्ण. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा आणि गरम पाण्यात धुतलेला. ताप आला, लाली पसरली, किंवा पुढच्या काही आठवड्यांत तोंड सुजलं, लघवी लाल-काळी झाली, तर तडक दवाखाना. काका शाळकरी पोरासारखे एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होते.

"आणि पावडर?" त्यांनी विचारलं.

"पावडरीने फोड जात नाहीत, काका. दिसायचे थांबतात, एवढंच."

सकाळी काकांनी दोन कच्चे फोटो मोठे छापून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले. एक नंबर, दोन नंबर. फार बोलावं लागलं नाही. मोठ्या बाईंनी फोटो पाहिले, काकांकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. चिंगीच्या आईला बोलवायला गेलेल्या शिपायाला अर्ध्या वाटेतून माघारी आणलं गेलं. पुढच्या वर्षी फोटोला दुसरा कुणीतरी बोलावू, असं काका निघताना मोठ्या बाई म्हणाल्या.

खरं अवघड काम लॉन्ड्रीत होतं. चिंगीची आई एका पांढऱ्या शर्टावर वाकली होती आणि काका बोलत असताना तिने एकदाही मान वर केली नाही. पफचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं, नातीचा नंबर पहिला लावल्याचंही सांगितलं. चिंगी परवापासून वर्गात येऊ शकते, तेही सांगितलं. इस्त्री कॉलरवरून फिरली, बाहीवरून फिरली.

"तुमची नात," ती म्हणाली, "ती घरी होती का इतके दिवस?"

"नाही," काका म्हणाले. "रोज शाळेत जात होती. आजपासून घरी आहे."

तिने शर्टाची घडी घातली, ती नीट जमली नाही, म्हणून उलगडून परत घातली. काकांनी पिशवीतून दोन नंबरचा फोटो काढून टेबलाच्या कडेला ठेवला, आणि त्यावर छकुलीने दिलेला खोडरबर. त्या दिवशी पावडर लावायच्या आधी काढला होता, एवढंच ते म्हणाले. टेबलाखालून एक हात वर आला आणि खोडरबर घेऊन गेला.

तिने इस्त्री उभी केली, हात पदराला दोनदा पुसले आणि फोटो उचलला. चापून बसवलेले ओले केस, लख्ख कपाळ, लख्ख गाल. तिने अंगठा फोटोवर न टेकवता पोरीच्या चेहऱ्याभोवती फिरवला.

"स्वच्छ होती," ती म्हणाली. काकांना नाही, कुणालाच नाही. "मी अंघोळ घालून पाठवली होती. मला आठवतंय, मी घालून पाठवली होती."