संदर्भसूचीतले सात विणकर

अहियाबोर सरांनी सेफाकोरला माफ केलं आणि तिचं डोकं सणकलं ते तिथेच.

नुसती चोरी करून गप्प राहिले असते, तर ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली असती आणि चार दिवसांनी विसरलीही असती. पण सोमवारी मुख्याध्यापिका डोग्बेबाईंच्या खोलीत सर खुर्चीत रेलून बसले, हाताची घडी घातली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ द्या मादाम, पोरच आहे. मोठ्यांचं वाचून लिहायचा मोह होतो या वयात. शुक्रवारच्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागू दे तिला. माझ्या मनात काही नाही."

त्यांच्या मनात काही नाही म्हणे.

झालं होतं असं. जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेसाठी सेफाकोरने गावातल्या विणकरांवर लिहिलं होतं. कोणती नक्षी कुणी बसवली, तिला नाव कुणी दिलं, कुणाच्या बारशाला कुठला पट्टा विणतात, हे सगळं. मार्चभर ती सात विणकरांच्या अंगणात जाऊन बसली. एप्रिलमध्ये तिने वही तपासायला सरांकडे दिली. त्यांनी ती उद्या देतो, परवा देतो करत तीन आठवडे ठेवली, आणि मे महिन्यात शिक्षकांच्या मासिकात त्यांच्या नावाने लेख छापून आला. सेफाकोरला याचा पत्ताही नव्हता. तिने जूनमध्ये निबंध पाठवला आणि जुलैत परीक्षकांचं पत्र आलं. निबंध छापील लेखावरून शब्दशः उतरवलेला आहे, मुलाखतींच्या तारखांतले महिने तेवढे बदलले आहेत, सबब विद्यार्थिनी बाद.

सेफाकोरने वहीचं सांगितलं. सर म्हणाले, कसली वही? तिने म्हटलं, विणकरांना विचारा. सर हसले. म्हणाले, त्यातला पहिलाच हिचा सख्खा मामा आहे, बाकीचे मामाचे शेजारी, ते काय हिच्याविरुद्ध बोलणार? डोग्बेबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. शुक्रवारी माफी मागितलीस तर मी हे तुझ्या दाखल्यावर येऊ देणार नाही, म्हणाल्या. नाहीतर विद्यापीठाच्या अर्जाबरोबर हे पत्रही जाईल.

म्हणजे माफी मागितली तर ती चोर, आणि नाही मागितली तर कायमची चोर. शुक्रवारपर्यंत चार दिवस होते.

मैत्रीण याइरा म्हणाली, दोन वाक्यं पुटपुट आणि मोकळी हो, बाई. सेफाकोर म्हणाली, "मोकळी होईन ना. त्यांना नागडं करून मग मोकळी होईन." याइराने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, कसं? ते सेफाकोरलाही ठाऊक नव्हतं. तिने मासिकाची प्रत तेवढी मिळवली आणि लेख इतक्या वेळा वाचला की तिची स्वतःचीच वाक्यं तिला परक्याची वाटायला लागली.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. संदर्भ कसा द्यायचा हे तिला सरांनीच शिकवलं होतं, आणि छान शिकवलं होतं. पुस्तकातलं घेतलंत तर पुस्तकाचं नाव द्या, माणसाकडून घेतलंत तर माणसाचा पत्ता द्या. नाव, जागा, तारीख, वेळ. तुमचं वाचून उद्या कुणाला त्या माणसाचं दार ठोठावता आलं पाहिजे. ही शिस्त सेफाकोरच्या अंगात इतकी मुरली होती की तिने प्रत्येक नोंद तशीच केली होती. 'गामेली अग्बेनू, मुलाखत, स्वतःच्या अंगणात मागावर बसलेले असताना, पाच मार्च, दुपारी तीन.' सरांनी सातही नोंदी जशाच्या तशा उचलल्या. फक्त आपण आधी गेलो होतो हे दिसावं म्हणून सगळीकडे मार्च खोडून मागच्या वर्षीचा सप्टेंबर घातला. पाच, नऊ, तेरा, सतरा, एकवीस, पंचवीस, एकोणतीस. आकडेही बदलायचे कष्ट घेतले नाहीत.

मंगळवारी दुपारी ती मासिक घेऊन गामेलीमामाच्या अंगणात बसली होती. मामा विणलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या मोजून पोत्यात भरत होता. ती म्हणाली, उद्या शाळा सुटल्यावर परत येते, मला आणखी काही विचारायचंय. मामाने वरही पाहिलं नाही.

"उद्या येऊन काय भिंतीशी बोलणार आहेस? उद्या बाजार. गल्लीत कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. परवा ये."

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. या गावात दर चौथ्या दिवशी बाजार भरतो आणि त्या दिवशी माग झाकून ठेवलेले असतात. विणकर पहाटेच पोती घेऊन जातो तो अंधार पडल्यावर परततो. म्हणून तर ती मार्चमध्ये नेहमी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जायची. त्या दिवशी नवा ताणा लावायचा असतो, हात संथ चालतात आणि तोंड मोकळं असतं. सातही मुलाखती बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच्या.

मामाचं 'परवा ये' तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तिने चुलीतला कोळसा उचलला आणि भिंतीवर चार-चार रेघांचे गठ्ठे मारायला सुरुवात केली. चार मार्चला बाजार होता, तिथून उलटं मागे. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. मामी ओरडली की भिंत कुणाचा बाप धुणार. सेफाकोर थांबली नाही. पंचेचाळीस गठ्ठे झाले आणि ती सप्टेंबरच्या पाच तारखेवर येऊन पोचली.

पाच सप्टेंबरला बाजार होता. म्हणजे नऊलाही होता. तेरा, सतरा, एकवीस, पंचवीस, एकोणतीस, सगळ्या दिवशी. सरांनी एक नाही, दोन नाही, सातही विणकरांना नेमकं त्या दिवशी मागावर बसवलं होतं ज्या दिवशी अख्ख्या गावात एकही माग चालत नाही. सर राजधानीतले. बाजार त्यांना फक्त वर्ग रिकामा दिसला की आठवायचा.

सेफाकोरने पुन्हा मोजलं. मग तिला इतकं हसू यायला लागलं की मामीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

तेव्हाच धावत डोग्बेबाईंकडे जाता आलं असतं. याइराने बुधवारी तेच सुचवलं. पण खोलीत, दार लावून, सरांना मऊ आवाजात काहीतरी सारवासारव करता आली असती. बाजारातच भेटलो, नोंद घाईत झाली, असं काहीतरी. सेफाकोरला ती फट आधी बुजवायची होती. सरांचा अपमान तिला खोलीत नको होता. तिच्यासाठी ठरवला होता तिथेच हवा होता, साडेसहाशे मुलांसमोर.

गुरुवारी वर्गात तिने हात वर केला. मान खाली, आवाज लोण्यासारखा.

"सर, उद्या माफी मागायची आहे, म्हणून नीट समजून घेते. तुम्ही माझ्या मामाला भेटलात ते बाजारात का?"

"बाजारात?" सर वर्गाकडे बघून हसले. "बाजाराच्या कलकलाटात संशोधन होतं का? माग चालताना पाहायचा असतो. त्यांच्या अंगणात बसलो होतो चांगले दोन तास. तुझ्या मामीने मक्याचा वाफवलेला आबोलो आणि तळलेली मासळीसुद्धा खायला घातली."

"आणि बाकीचे सहा जण, सर?"

"सगळे आपापल्या मागावर. लेखात लिहिलंय तसंच. मी न पाहिलेलं लिहीत नाही."

चाळीस जणांनी ऐकलं. सेफाकोरने आभार मानले आणि खाली बसली. याइराने बाकाखालून तिला चिमटा काढला.

शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर डोग्बेबाईंनी तिचं नाव पुकारलं. सर पायऱ्यांवर, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, चेहऱ्यावर ती क्षमेची मुद्रा. सेफाकोर वर गेली. तिने माफीचा कागद काढलाच नाही. मासिक काढलं. म्हणाली की ज्यावरून मी उतरवलं असं म्हणतात, तो लेख आधी वाचून दाखवते, निदान त्यातले संदर्भ. डोग्बेबाई काही बोलायच्या आत तिने सुरुवात केली.

"गामेली अग्बेनू. स्वतःच्या अंगणात मागावर बसलेले असताना, पाच सप्टेंबर, दुपारी तीन. मादाम, मागच्या वर्षीचं हजेरीपुस्तक बघता का? आमच्याच वर्गाचं, दुसऱ्या वर्षाचं, पाच सप्टेंबर."

डोग्बेबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पण बाई याच गावच्या, त्यांचा बापही विणकर. त्यांनी कारकुनाकडून पुस्तक आणवलं, पान उलटलं, आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"पटावर एकेचाळीस, हजर सतरा," त्या सावकाश म्हणाल्या. बाजाराच्या दिवशी वर्ग असाच अर्धा होतो, मुलं पोती उचलायला जातात. त्यांनी नऊ तारीख बघितली. मग तेरा. मग त्यांनी वाचणं थांबवून नुसतीच पानं उलटली.

पटांगणात आधी कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाजार होता की!" आणि विणकरांची साडेसहाशे पोरं एकदम हसली. सेफाकोरने हसू संपू दिलं नाही. ती एकेक नाव वाचत गेली, आणि प्रत्येक नावावर त्या त्या विणकराचा मुलगा, पुतणी, भाचा ओरडून सांगत होता की आमचा माणूस त्या दिवशी बाजारात होता. सरांनी बोलायला तोंड उघडलं. लेखात तारखेची छपाईची चूक, असं काहीतरी.

"सातही?" डोग्बेबाई म्हणाल्या.

बाजारात भेटलो म्हणायची सोय राहिलीच नव्हती. दुसऱ्या वर्षाचे चाळीस जण कालचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवायला उभे होते, आबोलोसकट. सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काखेत घामाचे दोन डाग पसरत होते. सेफाकोरने ते मनसोक्त पाहिले. तिला दया येईल असं याइराला वाटलं होतं. अजिबात आली नाही.

डोग्बेबाई म्हणाल्या की परीक्षकांना आणि मासिकाला आजच पत्र जाईल. सरांचं काय करायचं ते शाळेचं मंडळ ठरवेल. मग सेफाकोरकडे वळून त्यांनी विचारलं, तुझं काही मागणं आहे?

"सरांनी संदर्भ नीट लिहून दाखवावा. फळ्यावर. आत्ता."

पटांगणातला मोठा फळा पुढे ओढला गेला. सरांनी खडू घेतला. अक्षर नेहमीसारखं वळणदारच आलं. आधी सेफाकोरचं आडनाव, मग नाव, मग निबंधाचं शीर्षक. ते खडू ठेवायला लागले.

"विणकर राहिले, सर," ती म्हणाली. "नाव, जागा, तारीख, वेळ. दार ठोठावता आलं पाहिजे."

त्यांनी पुन्हा खडू उचलला. गामेली अग्बेनू. पाच मार्च. पोरं मोठ्याने मोजत होती, एक, दोन, तीन. पाचवं नाव पुरं होताच खडू तुटला. तासाची घंटा झाली, कुणी जागचं हललं नाही. डोग्बेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, पुरे कर आता, पोरी.

सेफाकोरने नवा खडू सरांपुढे धरला.

"अजून दोन आहेत, मादाम."