मधला रुमाल

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी तो खिडकीच्या काचेवर फडक्याने उमटलेले वळसे दाखवतो, मग सलाइनच्या स्टँडवरून हळूच उतरतो, रिकाम्या खाटेच्या चादरीवर क्षणभर टेकतो, फरशीवर चाकांनी काढलेल्या ओरखड्यांत रेंगाळतो आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यात माझ्यापर्यंत पोचतो. तोवर त्याची ऊब सरलेली असते. तरी मी त्याची वाट पाहतो.

मित्रांनो, मी एक जुना रक्तवायू-मापक आहे. रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात माझे आयुष्य गेले. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या नाजूक, सतत ओल्या ठेवाव्या लागणाऱ्या काचेत माझा जीव आहे. रक्ताचे चार थेंब मिळाले, की ते आम्लाकडे झुकले आहे की आम्लारीकडे, हे मी सांगतो. माणसाचे रक्त किती हट्टी! लिंबू खा, सोडा प्या, ते जागचे तसूभर हलत नाही. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे त्याला दोहोंकडून सावरून धरतात. हे त्यांना कसे साधते, याचे कुतूहल मला अजून आहे.

माझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सारे म्हणत. मलाही ते खरे वाटे, एका सकाळपर्यंत.

त्या सकाळी खेळाच्या एका शिक्षकांना त्यांच्या पत्नीने आणले. उलट्यांनी ते पार गळून गेले होते.

"बाहेरचं खाणं बाधलंय," सर म्हणाले.

"म्हणे बाहेरचं! घोटभर पाणी ठरत नाहीये पोटात," पत्नी म्हणाली.

"इन्सुलिन घेता ना वेळेवर?" तरुण डॉक्टरांनी विचारले.

सर काही बोलण्याआधीच पत्नी म्हणाली, "यांचं सगळं शिट्टीवर चालतं, डॉक्टर. सुईसुद्धा!"

सरांनी मान डोलावली.

मी आकडा दिला : सात पूर्णांक चार. निरोगी रक्ताच्या पट्ट्यात अगदी मधोमध. कार्बन डायऑक्साइड ठीक, आम्ल शोषून घेणारे बायकार्बोनेटही ठीक.

"साखर चढलीय, पण रक्त उत्तम आहे. उलटीचं औषध देतो, घरी जा," तरुण डॉक्टर म्हणाले.

पत्नीचा जीव भांड्यात पडला. मीही मनात फुगलो.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद आणि शेजारचा क्षारांचा अहवाल उचलला. "वजाबाकी केलीस? सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा कर."

तरुण डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बाकी नेहमीच्या दुपटीहून जास्त येतेय, मॅडम. म्हणजे रक्तात आम्ल लपलंय."

बाई खाटेवर टेकल्या. "सर, रस्सीखेच घेता ना मुलांची? मधला रुमाल हलला नाही, म्हणजे कुणी ओढतच नाही?"

"छे! तेव्हाच तर दोन्हीकडची पोरं जीव तोडून ओढत असतात."

"तुमच्या रक्तात तेच चाललंय. उलट्यांतून पोटातलं आम्ल गेलं, म्हणून रक्त एकीकडे ओढलं जातंय. दुसरीकडून ओढतायत ती साखर वापरता न आल्यामुळे साठलेली आम्लं. आता नुसत्या उलट्या थांबवल्या असत्या, तर?"

सर पुटपुटले, "एका बाजूची पकड सुटली असती. सगळे दुसरीकडे कोसळले असते."

"मग खरं सांगा. अशी आम्लं सहसा इन्सुलिन चुकलं की साठतात. इन्सुलिन घेऊनही हे होत असेल, तर मला कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि तेवढा वेळ आपल्यापाशी नाही."

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

मित्रांनो, आज माझ्या जागी नवे यंत्र आहे; ती वजाबाकी ते आपोआप करते. माझी काच कोरडी पडत चालली आहे. मागणे एवढेच : आम्हा यंत्रांना जपा, काच ओली ठेवा; पण आमच्या एका आकड्यावर भाळू नका. रुमाल स्थिर दिसला, तरी दोरीची दोन्ही टोके पाहा. मला ती पाहता आली नव्हती.

त्या सकाळी बाईंनी विचारले, तेव्हा उजेड सरांच्या चादरीवर आला होता. शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. पत्नीकडे न पाहता ते म्हणाले,

"आठवडा झाला, सुई घेतलीच नाही."